नऊ वेळा टॉवेल

प्रश्न असा आहे: “मी अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात डिस्पॅचला आहे. परदेशी गिऱ्हाइकांना इंग्रजी ई-मेल मलाच लिहावे लागतात. परवाच्या ई-मेलमध्ये सहा वाक्यांत ‘टॉवेल’ नऊ वेळा आला. मालक म्हणाले, ‘जरा शब्द बदलून लिही की.’ पण कुठे ‘इट’ घालायचं, कुठे ‘वन’ आणि कुठे ‘दॅट’, हे काही केल्या लक्षात येत नाही. मसुदा सोबत देतोय.”

मसुदा पाठवलात हे बरं केलंत. नुसता नियम विचारला असता तर मीही नुसता नियमच सांगितला असता आणि तुमचं काम तिथेच अडलं असतं. सोलापुरात तीसेक वर्षं इंग्रजी शिकवतोय. शाळेत शिकवलं, मग क्लास घेतले आणि अधूनमधून कारखान्यांची पत्रंही तपासून दिली. तुमचा मसुदा आधी जसाच्या तसा देतो:

“वी हॅव सेंट यू फोर सॅम्पल टॉवेल्स. द व्हाइट टॉवेल्स आर हेवी. द ब्लू टॉवेल्स आर लाइट. द बॉर्डर ऑफ द ब्लू टॉवेल इज वायडर दॅन द बॉर्डर ऑफ द व्हाइट टॉवेल. इफ यू लाइक द ब्लू टॉवेल्स, वी कॅन मेक द ब्लू टॉवेल्स इन अदर साइझेस. प्लीज चेक द टॉवेल्स अँड कन्फर्म द टॉवेल्स.”

व्याकरणाची चूक एकही नाही, हे आधी सांगून टाकतो. शेवटचं ‘कन्फर्म द टॉवेल्स’ तेवढं विचित्र आहे, त्याकडे नंतर येऊ. गिऱ्हाइकाला सगळं कळेल, फक्त वाचताना त्याला दारावर कोणीतरी सारखं टकटक करतंय असं वाटेल.

आता एक गंमत करून बघा. हाच मजकूर नवी पेठेतल्या दुकानात उभं राहून मराठीत बोला. “चार टॉवेल पाठवलेत. पांढरे जड आहेत, निळे हलके. निळ्याची बॉर्डर पांढऱ्यापेक्षा रुंद आहे. निळे आवडले तर दुसऱ्या साइजमध्ये पण करून देऊ.” ‘टॉवेल’ एकदाच आला आणि कुणाचं काही अडलं नाही. म्हणजे पुनरुक्ती टाळणं तुम्हाला येत नाही असं नाही, मराठीत ते तुम्ही दिवसभर करताच. मग इंग्रजीतच हात का आखडतो?

कारण मराठीत ते काम विशेषणाची शेपटी करते. ‘निळा दाखवा’ म्हटलं की टॉवेल, ‘निळी दाखवा’ म्हटलं की चादर, ‘निळं दाखवा’ म्हटलं की पांघरूण. लिंग आणि वचन दोन्ही त्या शेवटच्या अक्षरात बसलेलं असतं, त्यामुळे नाम गाळलं तरी त्याची खूण मागे राहते. ‘लाल’ किंवा ‘गुलाबी’ला अशी शेपटी नाही हे खरं, पण तिथे क्रियापद धावून येतं. ‘लाल आवडला’, ‘लाल आवडली’.

इंग्रजीतल्या ‘ब्लू’ला यातलं काहीच नाही. टॉवेल एक असो वा दहा, चादर असो वा पांघरूण, ‘ब्लू’ तो ‘ब्लू’च. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विशेषणांना आपल्यासारखेच लिंग-वचनाचे प्रत्यय लागत होते. पुढच्या काही शतकांत ते झिजून गेले, आणि नाम गाळलं की विशेषण उघडं पडायला लागलं. मग त्याला टेकू म्हणून ‘वन’ आला. इंग्रजी व्याकरणात त्याला ‘प्रॉप-वर्ड’ म्हणतात, आणि ‘प्रॉप’ म्हणजे टेकूच. ‘निळा’मधला ‘-आ’ म्हणजे ‘द ब्लू वन’मधला ‘वन’, आणि ‘निळे’मधला ‘-ए’ म्हणजे ‘वन्स’. एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. मराठी माणूस ‘शो मी द ब्लू’ म्हणून थांबतो, कारण त्याच्या कानाला वाक्य पुरं झालेलं असतं. इंग्रजी कानाला मात्र तिथे पायरी चुकल्यासारखं होतं.

सोलापुरात हे शिकवायला एक सोय आहे, ती पुण्याच्या मास्तरांना नाही. माझ्या वर्गात पूर्व भागातली तेलुगू घरची मुलं असायची, अक्कलकोटकडची कन्नड घरची असायची. तेलुगूत ‘पेद्द’ म्हणजे मोठा, आणि मोठी वस्तू म्हणायची तर ‘पेद्ददि’, अनेक असतील तर ‘पेद्दवि’. कन्नडमध्ये तसंच ‘दोड्डदु’ आणि ‘दोड्डवु’. म्हणजे ‘बिग वन’ आणि ‘बिग वन्स’ या पोरांच्या घरात आधीपासूनच होते, त्यांना फक्त दाखवून द्यायला लागायचं. मराठी मुलांसाठी मी बाजारातली हिंदी वापरायचो. ‘बडावाला दिखाओ’ आपण सगळेच बोलतो, मराठीतसुद्धा ‘ती निळीवाली काढा’ म्हणतो. तो ‘वाला’ जिथे बसतो तिथे बहुतेक वेळा ‘वन’ बसतो. शंभर टक्के नाही, पण घाईच्या वेळी उपयोगी पडतं.

आता खरा गोंधळ कुठे होतो ते. ‘वन’ दोन आहेत, आणि दोन्ही सारखेच दिसतात. “माझ्याकडे टॉवेल नव्हता, एक घेतला” याचं “आय बॉट वन.” इथे ‘वन’ने ‘अ टॉवेल’ हे दोन्ही शब्द गिळले आहेत. “निळा घेतला” याचं “आय बॉट अ ब्लू वन.” इथे ‘वन’ने फक्त ‘टॉवेल’ गिळला, ‘अ’ बाहेर राहिला. म्हणून ‘आय बॉट अ वन’ चुकीचं, कारण गिळलेला ‘अ’ पुन्हा ताटात आला. पहिल्या ‘वन’चं अनेकवचन ‘वन्स’ होत नाही, ‘सम’ होतं: “आय बॉट सम.” दुसऱ्याचं मात्र ‘वन्स’ होतं: “आय बॉट ब्लू वन्स.” आकड्यांचंही तसंच. ‘टू वन्स’ नाही, नुसतं ‘टू’. मधे विशेषण आलं की ‘टू ब्लू वन्स’ चालतं. माझ्या अनुभवात नव्वद टक्के चुका या एका परिच्छेदात संपतात, म्हणून तो दोनदा वाचा.

‘माय वन’ बोलताना कानावर पडेल, लिहिताना ‘माइन’ लिहा. ‘माझा’ म्हणून थांबायची आपली सवय इथे जशीच्या तशी चालते. विशेषण मधे आलं की ‘माय न्यू वन’ बिनधास्त लिहा. नावाचंही तेच, ‘सुरेश्स वन’ नको, ‘सुरेश्स’ पुरे. ‘दिस वन’, ‘दॅट वन’ चालतात. ‘दीज वन्स’ लिहिण्यापेक्षा नुसतं ‘दीज’ नीटस दिसतं.

तुमच्या धंद्याला लागू असलेली एक अडचण व्याकरणाच्या पुस्तकात चटकन सापडणार नाही. ‘हँड टॉवेल’ आणि ‘बाथ टॉवेल’ या तुमच्याकडे मालाच्या जाती आहेत. तिथे ‘हँड’ आणि ‘बाथ’ ही विशेषणं नव्हेत, नामं आहेत, आणि ती टॉवेलला शिवून टाकलेली आहेत. “द हँड टॉवेल्स आर रेडी, द बाथ वन्स आर नॉट” असं फोनवर कोणी बोलेलही, पण ऑर्डरच्या पत्रात लिहू नका. तिथे ‘बाथ टॉवेल्स’ पूर्ण लिहा. ‘अ कॉटन वन’ मात्र चालतं, कारण कापड कशाचं आहे ते सांगणारा शब्द विशेषणासारखाच वागतो.

मोजता न येणाऱ्या वस्तूंना ‘वन’ लावायचाच नाही. दूध, पाणी, सूत, फर्निचर, लगेज, अ‍ॅडव्हाइस. ‘धिस यार्न इज वीक, सेंड अ स्ट्राँग वन’ असं एका पत्रात मी खोडलं होतं. “सेंड सम स्ट्राँगर यार्न” म्हणायचं. नाम पुन्हा आलं तर येऊ दे, इथे दुसरा इलाज नाही. जिथे दोन्ही विशेषणं समोरासमोर असतात तिथे नाम गाळूनही चालतं: ‘फ्रेश मिल्क इज बेटर दॅन पावडर्ड.’ चहाचं उलट आहे. हॉटेलात “धिस टी इज कोल्ड, ब्रिंग मी अ हॉट वन” म्हटलं तर चालतं, कारण डोळ्यासमोर कप असतो आणि कप मोजता येतो.

आता ‘दॅट’. तुमच्या चौथ्या वाक्यात ‘बॉर्डर’ही दोनदा आली आहे, ते तुमच्या लक्षात आलं नसेल. ‘द बॉर्डर ऑफ धिस टॉवेल इज वायडर दॅन दॅट ऑफ द अदर.’ ज्या नामानंतर लगेच ‘ऑफ’ येतो तिथे ‘वन’ चालत नाही, ‘दॅट’ लागतो, अनेकवचनात ‘दोज’. ‘द वन ऑफ’ असं लिहू नका. ‘द वन विथ द रेड बॉर्डर’ किंवा ‘द वन इन द फोटो’ मात्र उत्तम. ‘दॅट’ची आणखी एक चांगली गोष्ट म्हणजे त्याला मोजता येण्या-न येण्याचं वावडं नाही. ‘उजनीचं पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा गोड’ हे “द वॉटर ऑफ उजनी इज स्वीटर दॅन दॅट ऑफ अ बोअरवेल” असं होतं. तिथे ‘वन’ घातला असता तर पंचाईत होती.

याच ठिकाणी मराठी माणसाची सगळ्यात ठरलेली चूक होते. आपण म्हणतो, ‘सोलापूरचा उन्हाळा पुण्यापेक्षा कडक.’ मराठीत एकदम बरोबर. तेच इंग्रजीत नेलं की “द समर ऑफ सोलापूर इज हॉटर दॅन पुणे” होतं, म्हणजे उन्हाळ्याची तुलना आख्ख्या शहराशी. इथे ‘दॅन दॅट ऑफ पुणे’ हवं. खरं सांगायचं तर ते बरोबर असलं तरी जरा कोट-टाय घातल्यासारखं वाटतं. मी असतो तर “सोलापूर इज हॉटर दॅन पुणे इन समर” लिहून मोकळा झालो असतो. शहराची शहराशी तुलना झाली आणि पर्यायी शब्दाची गरजच उरली नाही. कितीदा तरी वाक्य जरा फिरवलं की ‘वन’ घालू की ‘दॅट’ हा प्रश्नच राहत नाही. परीक्षेच्या पेपरात असं करता येत नाही, तिथे रिकामी जागा भरावीच लागते. ई-मेलात करता येतं.

‘इट’ आणि ‘वन’ यांतला फरक मी वर्गात गड्ड्यावर समजावायचो. गड्डा म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वराची यात्रा. होम मैदानावर माणसांचा पूर, आणि तुमची शाल हरवली. “आय लॉस्ट माय शॉल अ‍ॅट द गड्डा. लेटर आय फाउंड इट.” तीच शाल सापडली. “लेटर आय बॉट वन.” ती गेली ती गेलीच, दुसरी विकत घेतली. ‘फाउंड वन’ म्हणालात तर कोणाची तरी भलतीच शाल उचलून आणली असा अर्थ होतो. यावर पोरं हसायची आणि मग विसरायची नाहीत.

‘इट’ आणि ‘दॅट’ची गल्लत जरा खोल आहे, आणि दोष आपल्या ‘तो-ती-ते’चा आहे. मराठीत ‘ते’ हे ‘इट’ पण आहे आणि ‘दॅट’ पण. म्हणून ‘कंटेनर उशिरा निघाला. तो सोमवारी पोचला’ याचं “दॅट अराइव्ह्ड ऑन मंडे” होतं. तिथे ‘इट’ हवं. ‘दॅट’ तुम्ही वस्तूवर बोट दाखवताना वापरता, किंवा मागची सगळी घटना एका शब्दात उचलायची असेल तेव्हा. “द कंटेनर लेफ्ट लेट. इट अराइव्ह्ड ऑन मंडे. दॅट कॉस्ट अस द ऑर्डर.” ‘इट’ म्हणजे कंटेनर. ‘दॅट’ म्हणजे हा सगळा उशीर. ऑर्डर कंटेनरमुळे गेली नाही, उशिरामुळे गेली.

‘सो’बद्दल थोडक्यात. ‘मला तसं वाटतं’ म्हणजे ‘आय थिंक सो’, ‘आशा आहे तसं होईल’ म्हणजे ‘आय होप सो’, नको असेल तर ‘आय होप नॉट’. पण ‘आय नो सो’ असं म्हणत नाहीत, नुसतं ‘आय नो’. ‘तसला’ म्हणायचं असेल, म्हणजे ‘गेल्या वेळचा होता तसलाच’, तर ‘वन लाइक द लास्ट’ लिहा. ‘द फॉर्मर’ आणि ‘द लॅटर’ मी तुम्हाला शिकवणारच नाही. दोनच गोष्टी असतील तेव्हाच ते चालतात, आणि पहिला कोण, दुसरा कोण हे बघायला वाचणाऱ्याला मागे जावं लागतं. ज्याला माल विकायचा त्याला मागे पाठवू नये.

तुमच्या ‘कन्फर्म द टॉवेल्स’वरून ‘द सेम’ आठवला. आपल्याकडच्या ऑफिसांत ‘काइंडली चेक अँड कन्फर्म द सेम’ हा पाठच झालाय. कोर्टाच्या आणि सरकारी कागदांतून तो आपल्याकडे राहिला, आणि आता शिपायाच्या रजेच्या अर्जातसुद्धा असतो. चूक म्हणता येणार नाही, पण परदेशी गिऱ्हाइकाला तो करारनाम्याच्या भाषेसारखा वाटतो. ‘इट’, ‘देम’ किंवा ‘लेट अस नो’ लिहिलंत की भागतं. मालकांना ‘द सेम’ नसेल तर पत्र कमी वजनाचं वाटण्याची शक्यता आहे, तेवढं सांभाळा.

आणि मालकांच्या ‘शब्द बदलून लिही’चा अर्थ ‘टॉवेलला दुसरे शब्द शोध’ असा घेऊ नका. हा सल्ला शाळेतल्या निबंधाच्या तासाला मिळतो आणि जन्मभर पिच्छा सोडत नाही. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याचं पत्र मी तपासलं होतं. लिहिणाऱ्या मुलाने पुनरुक्ती नको म्हणून पहिल्या ओळीत ‘टॉवेल’, दुसरीत ‘नॅपकिन’, तिसरीत ‘क्लॉथ’ आणि चौथीत ‘टेक्स्टाइल आयटम’ लिहिलं होतं. माल एकच होता. माझ्याकडे पत्र येईपर्यंत ते गेलेलं होतं आणि उलट उत्तरही आलं होतं: नॅपकिनचा दर कोटेशनमध्ये का नाही? त्या मुलाची चूक मी म्हणणार नाही, त्याला तसंच शिकवलं गेलं होतं. बहुधा माझ्यासारख्याच कोणीतरी. निबंधात गांधीजींना एकदा ‘बापू’ आणि एकदा ‘राष्ट्रपिता’ म्हटलं तर माणूस तोच राहतो. व्यापारात नाव बदललं की माल बदलतो. ‘वन’ आणि ‘इट’ यांना स्वतःचा रंग नसतो, म्हणून तर ते कामाचे. ते मागच्या नामाकडे बोट दाखवून बाजूला होतात.

आता तुमचा ई-मेल:

“वी हॅव सेंट यू फोर सॅम्पल टॉवेल्स, टू व्हाइट अँड टू ब्लू. द व्हाइट वन्स आर हेवी; द ब्लू वन्स आर लाइट. द बॉर्डर ऑफ द ब्लू टॉवेल इज वायडर दॅन दॅट ऑफ द व्हाइट वन. इफ यू लाइक द ब्लू वन्स, वी कॅन मेक देम इन अदर साइझेस. प्लीज चेक द टॉवेल्स अँड लेट अस नो.”

पहिल्या वाक्यात ‘टू व्हाइट अँड टू ब्लू’ला टेकू नाही, कारण ‘टॉवेल्स’ लगेच आधी आहे आणि आकडे सोबत आहेत, तिथे इंग्रजीही आपल्यासारखं गाळून मोकळं होतं. जडबिड लिहिण्याऐवजी जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम, ते टाकलात तर आणखी बरं, गिऱ्हाईक तेच विचारणार आहे. तिसऱ्या वाक्यात ‘दॅट’ने बॉर्डर उचलली आणि ‘वन’ने टॉवेल. तिथे ‘टॉवेल’ एकदा मी मुद्दाम ठेवला, नाहीतर एकाच वाक्यात ‘दॅट’, ‘वन’ आणि पुन्हा ‘वन’ अशी कसरत झाली असती. चौथ्यात ‘देम’ म्हणजे तेच निळे, त्याच वाणाचे.

नवांचे तीन झाले. शेवटचा ‘टॉवेल्स’ही काढून ‘प्लीज चेक देम’ करावं असं तुम्हाला वाटेल, मलाही आधी वाटलं होतं. पण त्याच्या अगदी आधीच्या वाक्यात निळे आहेत. ‘देम’ लिहिलं की गिऱ्हाईक निळे दोनच तपासेल आणि पांढऱ्यांबद्दल काहीच कळवणार नाही.